मस्टँग जीटी (२०१६-१७, राइट हँड): नागपुरात बसून स्पेअर आणि अपग्रेड कुठून, कसे मागवायचे?

धंतोली_व्ही८

नमस्कार मंडळी. गाडी फोर्ड मस्टँग जीटी, मॉडेल वर्ष २०१७, ५.० लिटर व्ही८, ६-स्पीड ऑटोमॅटिक. भारतात अधिकृत विकलेली राइट हँड, एमएच-३१ पासिंग, ३८,००० किमी. कामं अशी साचली आहेत:

पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत, डिस्कला कडेनं धार आली आहे. ब्रेक लावला की ८०-९० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं, आणि खडबडीत रस्त्यावर पुढून खडखड येते. एका पुढच्या आर्मच्या (चाक सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशपाशी (रबरी सांध्यापाशी) काळं तेलकट दिसतं. एसीचा गॅस दोन महिन्यांत उतरतो. गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकात नाही. बॅटरी पण आता सकाळी कुरकुरते.

याशिवाय कोल्ड एअर इनटेक, एक्झॉस्ट, ट्यून (इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलणं) आणि गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग मनात आहेत. कुणी म्हणतं सगळं अमेरिकेतून मागव, कुणी म्हणतं शारजातून जुनं स्वस्त पडतं. काय कुठून घ्यावं आणि इथंच काय मिळेल? चुकीचा पार्ट आला तर परत पाठवायचा खर्च पार्टाहून जास्त होतो, म्हणून आधी विचारतोय.

---

बुटीबोरी_वर्कशॉप

खरेदीच्या आधी व्हिन (चॅसिस नंबर) नीट वाचून घ्या. १७ अक्षरांतलं आठवं अक्षर इंजिनचं; ५.० व्ही८ ला तिथे 'एफ' असतं. दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं: 'जी' म्हणजे २०१६, 'एच' म्हणजे २०१७, 'जे' म्हणजे २०१८. अकरावा ५ म्हणजे मिशिगनमधला फ्लॅट रॉक कारखाना. आरसीवर नोंदणीचं वर्ष असतं, मॉडेल वर्ष नाही. बंदरात आणि शोरूमात उभी राहून वर्षभरानं पासिंग झालेल्या गाड्या आहेत, त्यामुळे आरसी पाहून मागवलेला पार्ट चुकू शकतो. तुमच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण २०१८ ला इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा चेहरा सगळं बदललं. २०१५-१७ चं इंजिन ११:१ कॉम्प्रेशनचं आणि फक्त पोर्ट इंजेक्शनचं, गिअरबॉक्स ६आर८०. २०१८ पासून १२:१, दुहेरी इंजेक्शन आणि १०-स्पीड. 'मस्टँग ५.० साठी' एवढंच लिहिलेली जाहिरात पाहून पैसे भरू नका.

आता फोर्डचा पार्ट नंबर. उदाहरण घ्या: एफआर३झेड-२००१-ए असा साचा. पहिलं अक्षर तो पार्ट कुठल्या मॉडेल वर्षासाठी पहिल्यांदा आला ते सांगतं ('एफ' २०१५, 'जी' २०१६, 'एच' २०१७, 'जे' २०१८), 'आर३' म्हणजे मस्टँग, 'झेड' म्हणजे स्पेअर म्हणून विकला जाणारा. मधला आकडा पार्टाची जात सांगतो आणि तो सगळ्या फोर्ड गाड्यांत एकच असतो: २००१ पुढचे पॅड, ११२५ पुढची डिस्क, २२०० मागचे पॅड, २सी०२६ मागची डिस्क, ६७३१ ऑइल फिल्टर, ९६०१ एअर फिल्टर, ८५०१ वॉटर पंप, ८५७५ थर्मोस्टॅट, १८१२४ पुढचा शॉकअप, १८१२५ मागचा. शेवटचं अक्षर आवृत्ती. काढलेल्या पार्टावर छापलेला नंबर बहुधा 'एफआर३सी' किंवा 'एफआर३बी' असा सुरू होतो. तो कारखान्याचा नंबर आहे, विक्रीचा नाही. तो तसाच शोधला तर कॅटलॉगमध्ये काही सापडत नाही आणि लोकांना वाटतं पार्ट बंद झाला. मधला आकडा घ्या, व्हिन द्या, विक्रीचा नंबर निघतो.

मग तुमच्या यादीचे तीन ढीग करा.

पहिला ढीग: डाव्या-उजव्या स्टिअरिंगचा काही संबंध नसलेले पार्ट. ब्रेक, हब, पुढचे-मागचे आर्म, शॉकअप, डिफरेन्शियल, गिअरबॉक्सचं फिल्टर, इग्निशन कॉइल, सेन्सर, वॉटर पंप, रेडिएटर, कॅट-बॅक एक्झॉस्ट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा भाग). हे अमेरिकेतून घ्या, तिथं सगळ्यांत स्वस्त आणि भरपूर.

दुसरा ढीग: राइट हँडचे खास पार्ट. स्टिअरिंग रॅक, कॉलमचा खालचा शाफ्ट, ब्रेक बूस्टर-मास्टर सिलिंडर, डॅशबोर्ड, वायपरची यंत्रणा आणि बॉनेटमागची काउल, आरशांची काच, हेडलॅम्प. हेडलॅम्प लोक विसरतात. अमेरिकन हेडलॅम्प बसतो, पेटतो, पण त्याचा डिपर उजवीकडे वर उचललेला असतो, म्हणजे समोरच्याच्या थेट डोळ्यांत. टेललॅम्पलाही अमेरिकेत इंडिकेटर लाल असतो, आपल्याकडे पिवळा लागतो. हा ढीग ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातून आणायचा. या पिढीची राइट हँड मस्टँग दोन्हीकडे भरपूर विकली गेली आहे.

तिसरा ढीग: जे नावानं नाही, मापानं घ्यायचं. हे नागपुरातच मिळतं. बॅटरी अमेरिकन ९६आर गटाची आहे, म्हणजे सुमारे २४२ × १७५ × १७५ मिमी, ५९० सीसीए (थंड इंजिन फिरवायची ताकद). आपल्याकडची डीआयएन ६० बुटकी बॅटरी त्याच मापाची. टर्मिनलची बाजू आणि खालची पकडपट्टी दुकानातच जुळवून बघा. बसवल्यावर बॅटरी मॉनिटरिंग रीसेट करायचं, नाहीतर गाडी नव्या बॅटरीला जुनी समजून चार्ज करत राहते. इंजिन ऑइल ५डब्ल्यू-२०, फिल्टरसकट ७.६ लिटर, डब्यावर डब्ल्यूएसएस-एम२सी९४५-ए हा फोर्डचा निकष शोधा. "नागपूरचं ऊन आहे, २०डब्ल्यू-५० टाका" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. या इंजिनाच्या चारही कॅमशाफ्टचं टायमिंग बदलणारे फेजर तेलावर चालतात, जाड तेलात ते उशिरा हलतात आणि एरर येतात. हेडलॅम्पचे झेनॉन बल्ब डी३एस, ते युरोपियन गाड्यांनाही लागतात म्हणून सहज मिळतात.

---

हिंगणा_मेकॅनिक

भाऊ, थरथर अन् खडखड हे दोन आजार वेगळे असू शकतात. पार्ट मागवायच्या पयले निदान करून घ्या.

ब्रेक दाबल्यावर पायाखाली पेडलही धडधडत असंल, तर डिस्कची जाडी कमीजास्त झाली आहे. पेडल शांत अन् फक्त स्टिअरिंग हलत असंल, तर बुश. तुमचं काळं तेल बुशकडंच बोट दाखवते. या गाडीला पुढं खालून दोन आर्म आहेत, एक आडवा अन् एक तिरपा पुढं जाणारा, त्याला टेन्शन लिंक म्हणतात. त्या टेन्शन लिंकच्या बुशमध्ये आतून द्रव भरलेला असते, झटके पिण्यासाठी. फुटला की तो बाहेर येते, बुश पोकळ होते, अन् ब्रेक लावताना चाक पुढं-मागं नाचते. नुसता बुश ठोकून बसवण्यापेक्षा पूर्ण आर्म घ्या, बॉल जॉइंट नवा येते. दोन्ही बाजूचे सोबतच बदला.

आता सगळ्यात मोठी चूक इथं होते, नीट वाचा. आर्मचे बोल्ट गाडी हवेत टांगलेली असताना आवळायचे नाहीत. हलके लावा, चाकांवर वजन येऊ द्या किंवा जॅकनं हब गाडीच्या उभ्या उंचीपर्यंत वर घ्या, अन् मंग टॉर्क रेंचनं घट्ट करा. काहून का, रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असते. लटकत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहते अन् वर्षभरात फाटते. मंग लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट निघाला.

ब्रेकचं सांगतो. मागवायच्या पयले चाक काढून डिस्क मोजा. ३८० मिमी डिस्क अन् सहा पिस्टनचा ब्रेम्बो कॅलिपर असंल तर तो परफॉर्मन्स पॅकचा सेट, ३५२ मिमी अन् चार पिस्टन असंल तर साधा. दोघांचे पॅड-डिस्क एकमेकांना लागत नाहीत. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, मायक्रोमीटरनं आठ जागी मोजा. कडेची धार मोजण्यात येऊ देऊ नका, घासणाऱ्या भागावरच मोजा. नवी डिस्क चढवायच्या आधी हबचा चेहरा तारेच्या ब्रशनं चकचकीत करा. गंजाचा एक बारीक तुकडाही डिस्कला लचक देते, अन् २-३ हजार किलोमीटरनं थरथर परत येते. डायल गेज लावून लचक (फिरताना डिस्कचं डगमगणं) ०.०५ मिमीच्या आत आहे का बघा.

मागच्या कॅलिपरला हँडब्रेक आतच आहे. तो पिस्टन सी-क्लॅम्पनं दाबला तर आतली यंत्रणा तुटते. फिरवत-फिरवत आत घ्यायचा, त्याचं टूल बाजारात मिळते. ब्रेक ऑइल डॉट ४, पण कमी घट्टपणाचं, डब्यावर 'आयएसओ ४९२५ क्लास ६' लिहिलेलं. एबीएसच्या बारीक वाल्व्हसाठी ते लागते. डॉट ५ सिलिकॉनचं असते, ते चुकूनही नाही. चाकाचे नट एम१४ × १.५, टॉर्क २०४ न्यूटन-मीटर. पंक्चरवाल्याच्या एअर गननं सोडा, पण आवळताना रेंचच.

गिअरबॉक्स: ६आर८० ला मरकॉन एलव्ही तेल. मरकॉन यूएलव्ही हे १०-स्पीडचं, ते यात घालायचं नाही. नावात एका अक्षराचा फरक आहे म्हणून ऑनलाइन घेताना गडबड होते. तेलाची टाकी खाली पाडली की सगळं तेल निघत नाही, निम्मं टॉर्क कन्व्हर्टर अन् कूलरमध्ये राहते. म्हणून फिल्टर-गॅस्केट बदलून एकदा भरा, हजार-दीड हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा काढून भरा. १२ लिटर घेऊन ठेवा. लांब डिपस्टिक नाही, बाजूच्या भरण्याच्या प्लगलाच छोटी काडी जोडलेली आहे. पातळी इंजिन चालू, 'पी' मध्ये, तेल गरम असताना बघायची. तापमान स्कॅनरवर वाचायचं, अंदाजानं नाही. खाली टाकी उघडलीच आहे तर वायरिंगचा गोल प्लग जिथं आत जाते, तिथली प्लास्टिक बाही अन् तिच्या ओ-रिंग बदलून टाका. या गिअरबॉक्सची ती ठरलेली गळती आहे. पार्ट लहान आहे, त्याच पार्सलमध्ये येऊन जाईल.

एसीचं घाईत करू नका. सरळ गॅस भरून घेणं बंद करा. नायट्रोजन भरून दाब धरून ठेवते का बघा. पयले कंडेन्सर (समोरून खडे लागतात), मंग सर्व्हिस पोर्टचे वाल्व्ह, मंग पाइपांचे जोड. तिथं काही नसंल तर अल्ट्राव्हायोलेट डाय टाका अन् आठवड्यानं एसीच्या पाण्याच्या नळीच्या तोंडाशी अल्ट्राव्हायोलेट टॉर्चनं बघा. तिथं हिरवट चमक दिसली तर इव्हॅपोरेटर (डॅशबोर्डमागची एसीची थंड जाळी). या मॉडेलमध्ये तो गळणं नवीन नाही, पण त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरतो, म्हणून खात्री झाल्याशिवाय हात लावू नका.

---

आयात_हिशेब

मागवण्याच्या खर्चाबद्दल लिहितो, कारण पार्टाची किंमत पाहून लोक 'खरेदी' दाबतात आणि मग घरपोच रक्कम पाहून हादरतात.

कस्टम शुल्क फक्त पार्टाच्या किमतीवर लागत नाही. किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं. बेरीज १,००,००० रुपये धरा आणि पार्ट मोटारीच्या सुट्या भागांच्या ८७०८ या शीर्षकात बसतो असं धरा. मूळ सीमाशुल्क १५ टक्के, १५,०००. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १,५००. आता १,१६,५०० वर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे २०,९७०. एकूण कर ३७,४७०. इंजिनाचे आतले भाग, फिल्टर, दिवे, रबरी सील यांची शीर्षकं वेगळी आहेत, दरही वेगळे असू शकतात. कुरिअरवाले कधी सगळं पार्सल 'वैयक्तिक वापर' या एकाच शीर्षकाखाली टाकतात, तिथलाही दर वेगळा. म्हणून विक्रेत्याला इनव्हॉइसवर प्रत्येक पार्टाचं नाव, नंबर, किंमत आणि एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा कोड) वेगळं लिहायला सांगा. नुसतं 'ऑटो पार्ट्स' लिहिलेलं पार्सल अडकतं. किंमत कमी दाखवायला सांगू नका. पार्ट नंबर टाकला की अधिकाऱ्याला खरी किंमत एका मिनिटात दिसते.

भाड्यात खरा घात आकारमानाचा. विमानानं येणाऱ्या पार्सलचं वजन काट्यावर कमी भरलं तरी लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, हा आकडा मोठा असेल तर तोच धरतात. बंपरचा खोका १८० × ६० × ५० असेल तर ५,४०,००० भागिले ५०००, म्हणजे १०८ किलो. बंपर स्वतः १० किलोचाही नसेल. कॅट-बॅकचंही तसंच. उलट डिस्क, पॅड, आर्म हे जड पण आटोपशीर, त्यात आकारमानाचा फटका नाही. म्हणून मोठ्या पोकळ वस्तू समुद्रमार्गे एकत्र मालात, जड-लहान वस्तू विमानानं, असं वाटून घ्या. समुद्रमार्गे आलेला माल नागपूरच्या इनलँड कंटेनर डेपोपर्यंत रेल्वेनं येऊ शकतो, पण एखाद्या खोक्यासाठी तो मार्ग परवडत नाही. मुंबईतच सोडवून ट्रान्सपोर्टनं आणलेलं बरं.

काही गोष्टी साध्या कुरिअरनं येतच नाहीत: एअरबॅग, सीटबेल्टचे प्रीटेन्शनर, गॅस भरलेले शॉकअप, तेलं, बॅटरी. यांना धोकादायक मालाची कागदपत्रं लागतात. शॉकअप घेताना विक्रेता ती कागदपत्रं देतो का ते पैसे भरण्यापूर्वी विचारा.

आणि शारजा. तिथल्या जुन्या पार्टांच्या बाजारात मस्टँग ढिगानं आहेत हे खरं. पण त्या लेफ्ट हँड, म्हणजे वरचा दुसरा ढीग तिथं मिळणारच नाही. शिवाय वापरलेला माल भारतात आणणं 'प्रतिबंधित' वर्गात मोडतं, परवाना लागतो. जुना कॅलिपर किंवा जुना कंट्रोल मॉड्यूल 'नवीन' लिहून मागवलात तर जप्ती आणि दंड तुमच्या नावावर. सुरक्षेचे पार्ट तर जुने घेऊच नयेत. अपघातातल्या गाडीचा आर्म बाहेरून सरळ दिसतो.

---

धंतोली_व्ही८

सगळ्यांचे मनापासून आभार. चाक काढून पाहिलं: ३८० मिमी, सहा पिस्टन. व्हिनचं दहावं अक्षर 'जी' निघालं, म्हणजे मॉडेल २०१६ चं आहे, मी इतके दिवस २०१७ समजत होतो. पेडल धडधडत नाही, फक्त स्टिअरिंग हलतं, तेव्हा टेन्शन लिंक दोन्ही बाजूंचे यादीत घातले.

आता अपग्रेडचं कुणी सांगेल का? भारतातली गाडी ४०१ पीएसची, अमेरिकेतली ४३५ अश्वशक्तीची. हा फरक फक्त ट्यूननं भरून निघतो का?

---

नॉक_सेन्सर

सगळा निघणार नाही, आणि काय घालता यापेक्षा कुठलं पेट्रोल मिळतं यावर ते जास्त अवलंबून आहे.

अमेरिकन पंपावरचा ऑक्टेन आकडा आणि आपला आकडा एक नाही. ऑक्टेन मोजायच्या आरओएन आणि एमओएन अशा दोन पद्धती आहेत; आपण आरओएन सांगतो, ते दोन्हींची सरासरी सांगतात. त्यांचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१-९२, त्यांचं ९१ म्हणजे आपलं ९५-९६, त्यांचं ९३ म्हणजे आपलं ९८. बाजारातल्या बहुतेक जोरदार ट्यून फाइल '९३ ऑक्टेन'च्या असतात. नावातलं ९३ पाहून कुणी एक्सपी९५ (इंडियन ऑइलचं ९५ आरओएन पेट्रोल) भरून ती चढवली, तर प्रत्यक्षात गाडीला हवं त्यापेक्षा तीन अंकांनी कमी पेट्रोल मिळतं. मेच्या ४५ अंशांत, एसी चालू, वर्धा रोडच्या सिग्नलवर तापलेलं इंजिन, आणि मग पूर्ण थ्रॉटल: नॉक सेन्सर (पेट्रोल नको तेव्हा पेटल्याची ठोक ओळखणारा) ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो आणि ट्यूनमधून मिळालेलं सगळं परत जातं. तेही नशीब चांगलं असेल तर. म्हणून '९१ ऑक्टेन'ची अमेरिकन फाइल ९५ आरओएनसाठी मागा. एक्सपी१०० सगळ्या पंपांवर मिळत नाही; त्याच्या भरवशावर ट्यून केली तर बाहेरगावी अडकाल.

फाइल तयार घेऊन चढवू नका. आपल्या गाडीच्या संगणकातली मूळ फाइल आधी वाचून दोन ठिकाणी जपून ठेवा, ट्यूनरला तीच पाठवा आणि त्यावरच काम करायला सांगा. भारतासाठीची मूळ फाइल अमेरिकन फाइलसारखी नाही, हे तुमच्या ४०१ च्या आकड्यातच दिसतं. ट्यूननंतर तिसऱ्या गिअरमध्ये लॉग काढा, प्रत्येक सिलिंडरचा नॉक रिटार्ड (ठोकीमुळे टायमिंग किती मागे गेलं) आणि इनटेक हवेचं तापमान बघा. लॉग न मागणारा ट्यूनर घेऊ नका.

साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. फोर्डनं या वर्षांच्या गाड्यांना १५ टक्क्यांपर्यंतच मान्यता दिली होती. १० टक्क्यांच्या पेट्रोलपेक्षा २० टक्क्यांच्या पेट्रोलला हवेच्या प्रमाणात सुमारे ४ टक्के जास्त इंधन लागतं, ते गाडी स्वतः भरून काढते. म्हणून स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (गाडीनं इंधनात केलेली टक्क्यांतली दुरुस्ती) +४, +५ दिसला तर दचकू नका. +१० च्या वर गेला तर मात्र इथेनॉलला दोष देऊन सोडू नका, कुठेतरी हवा गळते आहे किंवा एमएएफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) मळला आहे.

इनटेकबद्दल: ज्या किटमध्ये एमएएफची नळी मूळ मापाहून मोठी असते, ते ट्यूनशिवाय चालत नाही. सेन्सर हवा कमी मोजतो, इंजिन लीन (हवेच्या मानानं कमी पेट्रोलवर) चालतं. 'नो ट्यून' किटमध्ये नळीचं माप मूळचंच असतं. आणि नागपुरात उघडा फिल्टर नको. बॉनेटखाली ७०-८० अंशांची हवा ओढणारं 'कोल्ड' एअर इनटेक नावापुरतंच. बंद पेटीचं, रेडिएटरच्या वरून हवा घेणारं आणि कागदी किंवा कोरड्या फिल्टरचं घ्या. तेल लावलेल्या फिल्टरवर उन्हाळ्यातली बारीक धूळ बसते, आणि जास्त तेल लागलं तर तेच एमएएफच्या तारेवर जातं.

पुढची पायरी म्हणजे २०१८ चा इनटेक मॅनिफोल्ड. तो तुमच्या इंजिनवर बसतो, वरच्या आरपीएममध्ये खरोखर फरक देतो. आतल्या झडपा उघड्या स्थितीत पक्क्या करणारे लॉकआउट आणि त्यानुसार ट्यून लागते. त्याला तुमची ८० मिमी थ्रॉटल बॉडीच चालते. जीटी३५० (मस्टँगचंच शेल्बी मॉडेल) चा मॅनिफोल्ड घेतला तर ८७ मिमीची घ्यावी लागते. शहरात चालवणाऱ्याला मी जीटी३५० चा सुचवणार नाही, खालचा टॉर्क जातो.

हेडर (इंजिनाला लागून असलेल्या एक्झॉस्टच्या नळ्या) मात्र राहू द्या. अमेरिकेत विकले जाणारे लाँग ट्यूब हेडर लेफ्ट हँडसाठी वळवलेले असतात, राइट हँडच्या स्टिअरिंग शाफ्टला अडतात. शिवाय त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातात किंवा सरकतात, मग पीयूसी आणि मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ दोन्ही समोर उभे. कॅट-बॅक ही कॅटच्या मागची बाब, तिथं फक्त आवाजाची मर्यादा पाळायची. सुपरचार्जर विचारला नाहीत ते बरं. मूळ ऑइल पंपाचे गिअर आणि क्रँकचा स्प्रॉकेट सिंटर केलेल्या (दाबून भाजलेल्या) धातूच्या पावडरीचे आहेत, रेव्ह लिमिटरवर आदळत राहिलं की फुटतात. आधी ते बदलायचे आणि मग सुपरचार्जरचा बूस्ट.

---

समृद्धी_७०१

नॉक_सेन्सर यांच्याशी सहमत, पण लोअरिंग स्प्रिंगचं उत्तर राहिलं. माझं स्पष्ट मत, घेऊ नका. पुढचा खालचा प्लास्टिक ओठ आत्ताच गतिरोधकांना टेकतो. २५-३० मिमी खाली नेली की सिमेंट रस्त्याच्या कडेचा उंचवटाही ओलांडता येणार नाही, आणि मूळ शॉकअप छोट्या स्प्रिंगवर तळाला आपटून लवकर मरतो.

त्याच पैशात मागच्या सबफ्रेमचे बुश लॉकआउट घ्या. मागचं सस्पेन्शन ज्या चौकटीवर आहे ती चौकट मऊ रबरावर बसवलेली आहे. जोरात निघताना ती हलते आणि मागची चाकं उड्या मारतात. लॉकआउट त्या रबराच्या पोकळ्या भरून काढतात. चौकट पूर्ण उतरवावी लागत नाही, एकेक बोल्ट सोडून काम होतं. आवाज थोडा वाढतो. राइट हँड-लेफ्ट हँड भेद नाही, खोका लहान, भाडं कमी.

आणि टायर, ज्याबद्दल कुणीच विचारलं नाही. मापं पुढे २५५/४० आर१९, मागे २७५/४० आर१९. बाजूच्या भिंतीवर डीओटीच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिथं १६ किंवा १७ दिसत असेल तर नक्षी कितीही शिल्लक असो, टायर बदला. दहा वर्षांचं कडक रबर, दुपारचं तापलेलं काँक्रीट आणि १२० चा सलग वेग, समृद्धीवर टायर फुटतात ते असेच. हवा सकाळी थंड टायरमध्ये भरा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. "उन्हाळा आहे, कमी भरा" हे उलटं आहे. कमी हवेचा टायर जास्त मुडपतो आणि जास्त तापतो. नवे अलॉय घ्यायचे असतील तर ५ × ११४.३, मधलं भोक ७०.५ मिमी. भोक मोठं असेल तर त्या मापाची रिंग घालूनच बसवा, नाहीतर ती थरथर तुम्ही पुन्हा टेन्शन लिंकमध्ये शोधत बसाल.

---

बुटीबोरी_वर्कशॉप

एक राहिलं. डॅशबोर्ड उतरवायच्या किंवा बॅटरी काढायच्या आधी फोरस्कॅननं (फोर्ड गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर) प्रत्येक मॉड्यूलची 'अ‍ॅज-बिल्ट' माहिती (कारखान्यातली सेटिंग) लॅपटॉपवर साठवून घ्या. अ‍ॅडॅप्टर एचएस-कॅन आणि एमएस-कॅन (मॉड्यूलना जोडणारी दोन जाळी) दोन्ही वाचणारा हवा, स्वस्त ब्लूटूथवाला अर्धे मॉड्यूल दाखवतच नाही. कधी मॉड्यूल बदलावा लागला तर राइट हँडची सेटिंग त्या फाइलवरूनच परत टाकता येतात.

पहिल्या पार्सलमध्ये एवढंच मागवा: पुढचे पॅड आणि डिस्क, टेन्शन लिंक डावा-उजवा, त्यांचे नवे बोल्ट-नट, गिअरबॉक्सचं फिल्टर, गॅस्केट आणि कनेक्टरची बाही. आर्मचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, जुने परत लावू नका. एसीचा पार्ट गळती सापडल्यावरच. व्हिनची शेवटची सहा अक्षरं झाकून सर्व्हिस स्टिकरचा फोटो टाका, मधले आकडे लावून नंबर काढून देतो.